रोटरी जोडली की झाले, इतके सोपे नाही

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

लेझरवर कोरीवकाम करणाऱ्या घरगुती उद्योगांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, फोटोही छान आहेत. पण गोल वस्तूंसाठी मशीनला रोटरी, म्हणजे वस्तू फिरवणारे जोडयंत्र, जोडली की बाटली, मग, पेला काहीही कोरता येते, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे आणि तिथे मी अडकलो. ते वाचून बरेच जण पहिली दिसेल ती रोटरी मागवतील आणि सहा महिन्यांत तिची रवानगी माळ्यावर होईल. आमच्या माळ्यावर अशी एक आहे, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षे लेथवर टर्नर होतो. निवृत्त झालो त्याच सुमारास मुलीने लेझर मशीन घेतले. आधी डायोडचे उघड्या चौकटीचे, मग दोन वर्षांनी सीओटूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरचे. मशीन तिचे, संगणक तिचा, गिऱ्हाईक तिचे, मी हेल्पर. आयुष्यभर हेल्परांवर ओरडलो, त्याची परतफेड आता चालू आहे. वस्तू बांधणे, लेव्हल लावणे, माप घेणे ही कामे मात्र तिने माझ्याकडे सोडली आहेत. म्हणजे रोटरी माझ्याकडे आली.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सपाट फळीवर कोरताना लेझरचे डोके डावी-उजवीकडे जाते, तो एक्स अक्ष. पुढे-मागे जाते, तो वाय. गोल वस्तूला वायचे पुढे-मागे जाणे उपयोगाचे नाही, म्हणून वाय मोटरचा प्लग काढून तो रोटरीच्या मोटरला लावतात. डोके फक्त डावी-उजवीकडे जाते आणि पुढे सरकण्याऐवजी वस्तूच त्याच्याखाली फिरते. मशीनला याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी ते अजून सपाट फळीवरच कोरतेय. ही फसवणूक हिशेबात बसली तर वर्तुळ वर्तुळच उमटते, नाहीतर त्याचे अंडे होते.

रोटरी मुख्यतः दोन जातींची. एकीत वस्तू दोन लांब रबरी रोलरांवर आडवी ठेवायची, रोलर फिरले की वस्तू फिरते. दुसरीत लेथसारखा तीन जबड्यांचा चक असतो, त्यात वस्तू धरायची. विकणारे या दोन्हींत 'साधी' आणि 'प्रो' असा फरक सांगतात. खरा फरक असा की रोलर वस्तूची कातडी ओढतो आणि चक तिचा आस फिरवतो. एवढे डोक्यात बसले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. आम्हाला ते बसायला चोवीस पेले लागले.

पेले स्टीलचे होते, वरून पावडर कोटिंग. प्रत्येकावर वेगळे नाव कोरायचे होते. तोंडाशी व्यास ८८ मिलिमीटर, बुडाशी ७०, उंची १५०. आमच्याकडे तेव्हा रोलरची रोटरी होती. पहिला पेला ठेवला, मुलीने बटण दाबले, मी खाली वाकून बघत बसलो. पहिली तीन अक्षरे झकास उतरली. चौथ्यापासून शिरोरेघ किंचित चढायला लागली. मला वाटले डोळ्यांचा दोष. सहाव्या अक्षराला पेल्याचे बूड रोलरच्या कडेच्या पट्टीला टेकले आणि पेला तिथेच थरथरत उभा राहिला. रोलर फिरतायत, पेला जागच्या जागी, आणि लेझर एकाच जागी रेघेवर रेघ ओढतोय. कोटिंग जळून खालचे स्टील निळे पडले.

निमुळता पेला जमिनीवर लोळवून बघा. तो सरळ जात नाही. तोंडाची बाजू मोठे वर्तुळ घेते, बुडाची लहान, आणि पेला वळत वळत परत आपल्याकडे येतो. रोलरवर तेच होते. रोलर तोंडाला आणि बुडाला एकाच वेगाने ओढतो. ८८च्या कडेला त्या वेगात जेवढा फेरा होतो त्याहून जास्त ७०च्या कडेला व्हायला हवा. दोन्ही कडा एकाच पेल्याच्या, त्यामुळे कुठेतरी घसरणे आलेच. घसरला की तिरपा होतो, तिरपा झाला की चालायला लागतो.

मी टर्नर माणूस, हार कुठली मानतो! ओळखीच्या लेथवर जाऊन नायलॉनचे एक कडे काढून आणले, आतून ७०, बाहेरून ८८. ते बुडाशी चढवले. आता दोन्ही टोके ८८ची झाली, पेला रोलरवर सरळ बसला, चालणे बंद. मी खूश. मग मुलीने पट्टी लावून नाव मोजले. ६० मिलिमीटरचे नाव ५४ भरले. माझ्याच कड्याने केलेला घोटाळा. रोलरला टेकणारा व्यास ८८ आणि नाव पडतेय पेल्याच्या मध्यावर, जिथे व्यास ७९. काठ ६० मिलिमीटर सरकतो तेव्हा मधली कातडी ६० गुणिले ७९ भागिले ८८, म्हणजे जेमतेम ५४ सरकते. रोलरला व्यास सांगावा लागत नाही, असे सर्रास ऐकवतात. जिथे टेकते तिथेच कोरायचे असेल तर ते खरे. बाटलीला बुडाशी कॉलर असेल, पोटाशी फुगवटा असेल आणि कोरायचे बारीक भागावर असेल, तर चित्र दबणारच. दोन व्यासांचे गुणोत्तर काढून चित्र आधीच तेवढे ताणून घ्यावे लागते.

बरे, नाव ताणून घेतले. आता ते वरच्या बाजूला ठळक आणि खाली पुसट यायला लागले. आस आडवा झाला होता, पण पेल्याची वरची कड उतरती होती, आणि फोकस मिळतो तो एका उंचीला. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे चालून जाते, पुढे रेघ जाड आणि पुसट होते. मी रोलरच्या एका पायाखाली पाचरी सरकवायला लागलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आपण पेले कोरतोय की रोटरीला पेले शिकवतोय?" पुढच्या आठवड्यात चक आला.

चकाशी माझी जुनी ओळख. लेथवर उतार कापायचा तर मोठ्या व्यासातून लहान वजा करायचा, लांबीच्या दुपटीने भागायचा, आणि येणारा आकडा कोनाचा टॅन्जंट. ८८ वजा ७० म्हणजे १८, भागिले ३००, आले ०.०६. कोन साडेतीन अंशांना थोडा कमी. ज्या चकाला मागे बिजागरी असते आणि तो वर-खाली झुकवता येतो, त्याला तेवढे झुकवले की पेल्याची वरची कड मशीनच्या बेडला समांतर होते. कोन मोजत बसायची गरजही नाही. लेझरच्या डोक्यापासून तोंडाशी आणि बुडाशी अंतर सारखे भरले की झाले. उरलेले तेवीस पेले एका दुपारी झाले. म्हणून चक घेताना मी पहिल्यांदा बिजागरी बघायला सांगतो. पुष्कळ चक न झुकणारे असतात, आणि निमुळत्या कामाला त्यांचा अर्धाच उपयोग.

चकाला व्यास मात्र सांगावाच लागतो, आणि बरोबर सांगावा लागतो. चित्राची लांबी अंशांत बदलायला संगणकाकडे तेवढा एकच आकडा असतो. ७३ सांगितला आणि वस्तू निघाली ७६ची, तर १०० मिलिमीटरचे चित्र १०४ होते. एखाद्या नावाला ते खपून जाईल. पण बाटलीभोवती पूर्ण वेढा घालणारी वेल असेल तर जिथे दोन टोके मिळायची तिथे एकावर एक चढतात किंवा मध्ये फट राहते, आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते. व्यासात एका मिलिमीटरची चूक म्हणजे परिघात तीन मिलिमीटरहून जास्तीची चूक. वर्नियरने दोन ठिकाणी माप घ्या. वर्नियर नसेल तर कागदाची पट्टी जिथे कोरायचे तिथे घट्ट गुंडाळा, दोन पदर एकावर एक येतात तिथे टाचणी टोचा, पट्टी सोडून दोन भोकांमधले अंतर मोजा. तो परीघ. ३.१४१६ने भागला की व्यास. हातात फुगवट्याची किंवा जराशी लंबगोल वस्तू असेल तर मी वर्नियरपेक्षा या पट्टीवरच जास्त विश्वास ठेवतो.

दुसरी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. चक मोटरवर थेट बसवलाय की मध्ये पट्टा आणि पुली आहेत? नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारे सर्किट, त्यातल्या प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो असे धरले तर ३,२०० झाली. ८० मिलिमीटर व्यासाच्या बाटलीचा परीघ सुमारे २५१ मिलिमीटर. थेट बसवलेल्या चकावर एक पाऊल म्हणजे कातडीवर ०.०७८ मिलिमीटर. आता आपण ओळींमधले अंतर ठेवतो ०.१. ते सव्वा पावलाचे. सव्वा पाऊल टाकता येत नाही, मग मशीन कधी एक टाकते, कधी दोन. काळ्या भरीव भागात बारीक पट्टे दिसतात आणि माणूस लेझरच्या पॉवरला दोष देत बसतो. मध्ये एकास तीनची पुली असेल तर पावले ९,६०० आणि एका पावलाचे अंतर ०.०२६, पट्टे नजरेला दिसत नाहीत. रोलरला हा त्रास सहसा नसतो, कारण त्याचाच व्यास लहान. २० मिलिमीटरचा रोलर थेट मोटरवर असला तरी एक पाऊल ०.०२ मिलिमीटरच्या आत. ही बाजू रोलरची, आणि ती कबूल केली पाहिजे.

तसे मी रोलरच्या विरोधात नाही. सरळसोट काचेची बाटली, लाटणे, एका व्यासाची नळकांडी यांना रोलरच बरा. ठेवा, लेव्हल बघा, चालू करा. एकसारख्या पन्नास बाटल्या असतील तर चकात बांधण्या-सोडण्यातच दिवस जातो. काचेला जबडे लावायचे म्हणजे माझा हात अजूनही बिचकतो. जबड्यांवर रबरी नळी चढवून, बोटाच्या जोरावर जेवढे बसेल तेवढेच. पातळ पत्र्याच्या दुहेरी भिंतीच्या फ्लास्कला आतून जबडे फुलवून धरतात, तिथेही जोर लावला की तोंड लंबगोल होते, आणि मग झाकण बसत नाही. हे मी केलेले आहे.

रोलरवर हलकी वस्तू घसरते. आत वजन ठेवा. आम्ही नटबोल्टांची पिशवी ठेवतो. मशीनचे त्वरण कमी करा. आणि कोरताना डोके वस्तूच्या लांबीत धावू द्या, म्हणजे रोलरला एकेका ओळीएवढेच सरकायचे असते. उलट केले, म्हणजे वस्तूच मागे-पुढे गरागरा फिरवली, तर घसरलीच म्हणून समजा. पेन, पेन्सिल रोलरवर ठेवायच्या भानगडीत पडू नका, दोन रोलरांच्या मधल्या फटीतच जातात.

आणि कानाचा कप. त्याला रोलर नाहीच. कान अर्ध्या फेऱ्यात रोलरवर आदळतो. चकात तोंडाच्या आतून धरला तर कान मोकळा फिरतो, फक्त तो लेझरच्या नोझलला लागत नाही ना हे हाताने एक फेरा फिरवून आधी बघावे. आमच्या माळ्यावरच्या रोटरीची हीच कहाणी. रोलरची ती दुसरी, जास्त रुंद, 'मग-स्पेशल' म्हणून घेतलेली. विकणाऱ्याला मी फोनवर विचारले होते, कान असलेला मग चालेल का? तो म्हणाला, "सगळ्याला बसते, साहेब." बसते, खरेच बसते. फिरत नाही, एवढेच.

चक चांगला की वाईट हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही, पण घरी आल्यावर दहा मिनिटांत कळते. एक सरळ, गोल दांडा बांधा, डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप) असेल तर वर टेकवा, नसेल तर डोक्याच्या टोकाशी कागद धरून फट बघत दांडा हळू फिरवा. जॉब, म्हणजे बांधलेली वस्तू, मध्यापासून किती आउट फिरतो ते दिसते. लेथवर मी एक-दशांश मिलिमीटर आउट असलेला जॉब परत बांधत असे. इथे अर्धा मिलिमीटर आउट असला तरी फोकसला फारसे कळत नाही, तेव्हा माझ्यासारख्याने जीव टाकू नये. मला ते सोडायला वर्ष लागले. मात्र पट्ट्यात वाव असेल, म्हणजे चक हाताने किंचित पुढे-मागे डुलत असेल, तर तो ताणलाच पाहिजे. लांब वस्तूला दुसऱ्या टोकाला टेकू हवा. टेलस्टॉक सोबत येतो का, आणि त्याची उंची चकाच्या मध्याशी जुळते का, दोन्ही विचारा. लाटणे चकात बांधून दुसरे टोक मोकळे सोडले तर ते टोक खाली लोंबते आणि कोरीवकाम एका बाजूला फिके पडत जाते.

मशीनची उंची हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला असायला हवा. चक, त्यावर धरलेला ९० मिलिमीटरचा फ्लास्क, वर फोकसचे अंतर, एवढी जागा डोक्याखाली आहे का? पेटीबंद सीओटू मशीनमध्ये जाळीचा बेड काढावा लागतो, काहींत तो निघतच नाही. उघड्या डायोड मशीनला चार पायांखाली ठोकळे लावून उंच करतात. आम्हीही केले. त्यात एक धोका आहे, त्यावर खाली लिहितो.

प्लगचे थोडक्यात. प्लग बसला म्हणजे तारा जुळल्या असे नाही. स्टेपर मोटरला चार तारा, दोन गुंडाळ्या. जोड्या चुकल्या तर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि थरथरते. मल्टिमीटरने जोड्या शोधायला दोन मिनिटे लागतात. दिशा उलटी असेल तर अक्षरे आरशातल्यासारखी येतात. आमचा पहिला फ्लास्क तसाच आला. आणि वीज चालू असताना तो प्लग कधीही काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो. होमिंगही, म्हणजे सुरू होताना मशीनने आपली शून्याची जागा शोधणे, बंद करावे. नाहीतर मशीन सुरू होताच वायचा लिमिट स्विच शोधायला निघते, वाय आता रोटरी झालेली असते, स्विच काही सापडत नाही आणि बाटली गिरगिर फिरत राहते. काम संपल्यावर सॉफ्टवेअरमधली रोटरीची खूण काढायला विसरलात तर पुढची सपाट पाटी ताणून किंवा दबून निघते. याला काय म्हणायचे, मुलगी म्हणते म्हातारपण.

लाइटबर्न हे लेझरचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एका फेऱ्याचे मिलिमीटर भरायची चौकट दिसते, तिथे बरेच जण अंदाजे आकडा टाकतात. हिशेब सोपा आहे. मोटरची फेऱ्यातली पावले गुणिले पुलीचे प्रमाण, भागिले मशीनच्या वाय अक्षाला एका मिलिमीटरला लागणारी पावले. जीआरबीएल या नियंत्रक प्रणालीवर चालणाऱ्या मशीनवर तो शेवटचा आकडा डॉलर १०१ या सेटिंगमध्ये मिळतो. ३,२०० पावले, मशीन ८०चे, तर ४०. मध्ये एकास तीन पुली असेल तर १२०. मग चाचणीचे बटण दाबून बघा: वस्तूवर पेनाने केलेला ठिपका पूर्ण फेरा घेऊन त्याच जागी परत आला पाहिजे. शेवटी कागदी टेप गुंडाळून ५० मिलिमीटरचा चौकोन कोरा आणि मोजा. माल खराब न करता पट्टीने चूक पकडायची ही एकच जागा.

लेझर वस्तूच्या अगदी माथ्यावर पडला पाहिजे, हेही सांगून टाकतो. ६० मिलिमीटरच्या बाटलीवर पाच मिलिमीटर बाजूला पडला तर उंचीत अर्धा मिलिमीटरही फरक नाही. १८ मिलिमीटरच्या अंगठीवर तेवढ्याच चुकीला दीड मिलिमीटर खाली जातो. वस्तू जितकी बारीक तितके केंद्र कडक.

आता लेखातल्या त्या 'काहीही'कडे परत येतो. रोटरी फक्त फिरवते, कोरतो तो लेझर. डायोडचा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पारदर्शक काचेतून आरपार जातो. काचेवर आधी रंगाचा थर द्यावा लागतो, रोटरी कितीही भारी असो. काच सरळ कोरते ती सीओटूची १०.६ मायक्रोमीटरची लहर, कारण काच ती शोषून घेते. (हा लेझर १९६४ साली बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधून काढला, आपल्या लेखात त्यांचे नाव असते तर बरे वाटले असते.) उघड्या स्टीलवर सीओटूने खूण उमटत नाही, आधी खास लेप फवारावा लागतो. पावडर कोटिंगवर मात्र सुंदर काम होते, कोटिंग जळून खालचे स्टील चमकते. उघड्या धातूला फायबर लेझर, १,०६४ नॅनोमीटरचा. त्यात डोके सरकत नाही, आत आरसे हलतात, म्हणून चकाला तिथे प्लगही वेगळा आणि चित्र पट्ट्यापट्ट्यांनी पडते. त्या मशीनवर माझा हात बसलेला नाही, ते जाणत्याने लिहावे.

आता तो धोका. मशीन ठोकळ्यांवर चढवले की खालून चारी बाजूंनी फट उघडी पडते. वस्तू गोल, चकचकीत, चकाचे जबडेही चकचकीत. सपाट पत्र्यावरून उडालेला किरण एका दिशेला जातो, गोल स्टीलवरून उडालेला पंख्यासारखा पसरतो. एकदा चित्र पेल्याच्या काठापलीकडे गेले, किरण सरळ खाली टेबलावर उतरला आणि टेबलावर बोटभर लांबीचा काळा चर पडला. आम्ही दोघे तेव्हा शेजारच्या खोलीत होतो. त्या दिवसापासून बाजूंना पत्रे लावले, खाली काळ्या अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पत्रा घातला, आणि मशीन चालू असताना कुणीतरी तिथे बसतेच. ही मशीने उघडी असली की आयईसी ६०८२५-१ या मानकाप्रमाणे चौथ्या वर्गात येतात, त्या वर्गाचा उडालेला किरणही डोळा घालवतो. चष्मा आपल्या लहरीचा हवा. सीओटूला पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा चालतो, कारण ती लहर त्यातून जात नाही. तोच चष्मा निळ्या डायोडला लावला तर लावल्या न लावल्यासारखाच, निळा प्रकाश सरळ आत येतो. पीव्हीसीचा पाइप गोल असतो, रोलरवर सुरेख बसतो, आणि तो कुणी ना कुणी घेऊन येतोच. त्याला हात लावू नये. जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसाला आणि मशीनच्या लोखंडाला सारखाच खातो.

कुणी मला विचारले की कोणती रोटरी घेऊ, तर मी उलट विचारतो, गेल्या महिन्यात कोणत्या दहा वस्तू हातात आल्या? त्या टेबलावर मांडा. कान कितींना आहे, निमुळत्या किती, काचेच्या किती, सर्वांत जाड कोणती, सर्वांत बारीक कोणती. डोक्याखालची जागा मोजा. दहापैकी आठ सरळ आणि काचेच्या असतील तर रोलर. कान आणि निमुळते जास्त असतील तर पट्ट्याचा, झुकणारा, टेलस्टॉकसह चक, आणि जबडे आतून-बाहेरून दोन्हीकडून धरणारे. दोन्हीचे काम एकात करणाऱ्या रोटऱ्याही मिळतात. त्यातली एक मी वापरली, चक छान होता, रोलर केवळ नावाला होते.

पत्र लांबले, याची कल्पना आहे. जागेअभावी काटायचे असेल तर पावलांच्या हिशेबाचा परिच्छेद काटा, वाचक तो तसाही सोडून जातील. ठोकळ्यांचा आणि पीव्हीसीचा मात्र शब्दही कमी करू नये, ही विनंती.

आपला,
लेथवरून लेझरवर आलेला एक वाचक